मेख काढली की नाव दिसतं

जपानी तलवारीची मूठ पात्याला बांबूच्या एका मेखेने बसवलेली असते. मेख बोटाच्या पेराएवढी. जपानी भाषेत तिला 'मेकुगी' म्हणतात, म्हणजे योगायोगाने नावसुद्धा आपल्या मेखेच्या जवळचं. पितळेच्या लहानशा हातोडीने ती हलकेच ठोकली की निघते, मूठ सरकते आणि पात्याचा एरवी कुणाला न दिसणारा भाग समोर येतो. आपल्या जुन्या तलवारींची मूठ लाख ओतून पक्की केलेली असते, ती उघडणं हे कारागिराचं काम. जपानी तलवार मात्र उघडण्यासाठीच घडवलेली असते, कारण तिची कुंडली मुठीच्या आत लिहिलेली असते.

तिथे, पात्याच्या गंजलेल्या शेपटावर, छिन्नीने कोरलेलं नाव असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, सापडला मालक. पण ते नाव लोहाराचं असतं. ज्याने कमरेला लावली त्याचं नाव तिथे बहुधा नसतंच.

२०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार घेतली, तेव्हा ती ओळखू आली ती पात्यावर सोन्याने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांमुळे, त्यात रघूजींचं नाव होतं म्हणून. आपल्याकडे तलवारीवर नाव धन्याचं, जपानमध्ये घडवणाऱ्याचं. दुसऱ्या महायुद्धात हाती आलेल्या जपानी तलवारींचा माग काढताना निम्मा गोंधळ इथेच होतो. लोक पातं वाचतात आणि युद्धाचा इतिहास वाचला असं समजतात.

आधी या इतक्या तलवारी आल्या कुठून ते पाहू. १८७६ साली जपान सरकारने सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली. सैन्य आणि पोलीस तेवढे वगळले. पुढची पन्नासेक वर्षं सैन्यातले अधिकारी युरोपीय धाटणीची, बोटांवरून वळणारी पितळी परज असलेली तलवार लावत. मग १९३० नंतर राष्ट्रवादाचा जोर चढला आणि १९३४ मध्ये लष्कराने जुन्या सामुराई घाटाची नवी तलवार ठरवून दिली. तिला संग्राहक 'शिन-गुन्तो' म्हणतात, म्हणजे नवी लष्करी तलवार. अधिकृत नाव 'प्रकार ९४'. हे ९४ म्हणजे त्यांच्या शाही कालगणनेतल्या २५९४ चे शेवटचे दोन आकडे. त्यातून ६६० वजा केले की १९३४ येतं. आपण शकात ७८ मिळवतो तसंच. याच हिशेबाने 'प्रकार ९५' १९३५ चा, 'प्रकार ९८' १९३८ चा.

यातला ९५ वेगळा काढून ठेवा, कारण तो अधिकाऱ्यांचा नव्हे, सार्जंट-कॉर्पोरलांचा. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घ्यायचे: दुकानातून, सेनाधिकाऱ्यांच्या 'काइकोशा' या संस्थेमार्फत, किंवा घरातलं आजोबा-पणजोबांचं पातं काढून त्याला लष्करी मूठ-म्यान चढवून. सार्जंटाला मात्र तलवार सरकारी कोठारातून मिळायची, बंदूक मिळावी तशी. ती यंत्रावर बनलेली. मूठ ॲल्युमिनियमची ओतीव आणि वरून अशी रंगवलेली की लांबून दोरा गुंडाळल्यासारखी दिसावी. तिला बांबूची मेखही नाही, स्क्रू असतो. पात्यावर परजेजवळ क्रमांक ठोकलेला आणि म्यानावर तोच क्रमांक.

म्हणजे गंमत बघा, स्वस्त तलवारीला सरकारी क्रमांक आहे आणि मौल्यवान तलवारीला कसलीच सरकारी नोंद नाही. पण क्रमांकाने फार हुरळूनही जाऊ नये. त्यावरून आणि शेजारच्या शिक्क्यांवरून ती कोणत्या शस्त्रागाराच्या देखरेखीखाली बनली, साधारण आधीची की नंतरची, इतकं कळतं. अमुक क्रमांक अमुक सार्जंटाला दिला, अशी यादी संग्राहकाच्या हाती पडत नाही.

आता पुन्हा अधिकाऱ्याच्या तलवारीकडे, म्हणजे मेख काढून ठेवलेल्या त्या शेपटाकडे. त्याला 'नाकागो' म्हणतात. त्यावरच्या मजकुराची रचना बरीचशी आपल्या पत्त्यासारखी असते. 'नोशू सेकी जू' असं असेल तर नोशू म्हणजे मिनो प्रांत, सेकी हे गाव, आणि जू म्हणजे राहणार. मु. पो. सेकी म्हणा ना. त्यापुढे लोहाराचं नाव. सेकीच्या लोहारांची नावं बऱ्याचदा 'काने' ने सुरू होतात, कारण गुरूच्या नावातलं अक्षर शिष्याने घ्यायचं ही पद्धत. दुसऱ्या बाजूला तारीख असली तर 'शोवा' आणि वर्षाचा आकडा. शोवाच्या वर्षात १९२५ मिळवा. शोवा १९ म्हणजे १९४४.

गिफू प्रांतातलं सेकी आजही चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. युद्धकाळात तिथून तलवारींचा पूर वाहत होता. त्यातली बहुतेक पाती गिरणीच्या पोलादाची आणि तेलात विझवलेली. परंपरागत पातं वेगळं: 'तामाहागाने' नावाचं, भट्टीत वाळूतल्या लोखंडापासून काढलेलं पोलाद, घड्या घालून घालून ठोकलेलं, पाण्यात विझवलेलं. दोन्हींत फरक कळावा म्हणून सरकारनेच शिक्के लावायला लावले. नाकागोवर 'शोवा' किंवा 'सेकी' असा बारीक शिक्का दिसला तर पातं परंपरागत नाही, असं धरून चालावं. चांदणीचा शिक्का असेल तर उलट: लष्कराने मान्यता दिलेल्या लोहाराने जुन्या पद्धतीने घडवलेलं ते पातं. नांगराचा शिक्का नौदलाचा, आणि नौदलाची बरीच पाती न गंजणाऱ्या पोलादाची. समुद्रावर राहायचं म्हटल्यावर दुसरं काय करणार. तोक्योच्या यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ पासून १९४५ पर्यंत एक वेगळी भट्टीच चालू होती, तिथे सुमारे ८,१०० पाती परंपरागत पद्धतीने घडली.

शिक्का नसलेलं, काळसर-तपकिरी, गुळगुळीत गंज चढलेलं शेपूट असेल तर हात आखडता घ्या. ते तीनशे वर्षांपूर्वीचंही असू शकतं. हा गंजच त्याच्या वयाचा दाखला, आणि नेमका तोच लोक चिंचेने, काथ्याने, पॉलिशने घासून चकाचक करतात. एका दुपारच्या स्वच्छतेत जन्मदाखला पुसला जातो. जपानी तलवारींच्या बाबतीत याहून मोठा अपराध मला माहीत नाही. मोठं नाव कोरलेलं दिसलं म्हणूनही हरखू नये. नामांकित लोहारांच्या खोट्या सह्या करण्याचा धंदा जपानमध्ये कित्येक शतकं चालला आहे.

लोहार कळला. आता ज्याच्या कमरेला ती होती, त्याच्याकडे वळू.

तलवारीचा साज थोडं सांगतो. मुठीला बांधलेल्या गोंड्याच्या रंगावरून हुद्दा कळतो: लेफ्टनंट-कॅप्टनचा तपकिरी-निळा, मेजर ते कर्नल तपकिरी-लाल, जनरलच्या गोंड्यात सोनेरी धागा. मुठीच्या टोपणावर कधी कधी छोटं चांदीचं कुलचिन्ह असतं, 'मोन'. ते पाहून लोक घराणं शोधायला निघतात. पण एकच मोन शेकडो कुटुंबं वापरतात. आपल्याकडे नुसत्या आडनावावरून माणूस शोधावा, तसंच. 'जाधव' एवढ्यावर कोणाला शोधणार? आणि गोंडा तर सुटा, कुणीही केव्हाही बदललेला असू शकतो.

म्हणून खरा प्रश्न असा, की तलवार हाती आली कशी? त्याच्या तीन वाटा होत्या, आणि प्रत्येक वाटेवर कागद वेगळा उरतो.

पहिली वाट रणांगणाची. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडला जपान्यांनी घेरलं. तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. समोर होती जपानच्या ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट. तिथे एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला आणि त्यातून कोहिमा-इंफाळवरच्या चढाईचा बेत कळला. अशा ठिकाणी अधिकाऱ्याच्या अंगावरचे कागद आधी गुप्तवार्ता विभागाकडे जात, आणि तलवार ज्याच्या हाती लागली त्याच्याकडे राहे. कागद आणि तलवार यांची ताटातूट त्याच मिनिटाला झाली. रणांगणात मिळालेल्या तलवारीचा मालक नावानिशी सापडणं म्हणून फार दुर्मीळ.

पण पलटण कळली तर बरंच काही हाती येतं, आणि हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा ठराविक मुलुखातून मराठा पलटणीची भरती होते, तशीच जपानी रेजिमेंटांची मुलुखवार होती. सांगशाकवर चालून आलेली ५८ वी निइगाता प्रांतातल्या ताकादाची. त्याच डिव्हिजनची १३८ वी नाराची, १२४ वी फुकुओकाची. शिवाय शत्रूला क्रमांक कळू नये म्हणून प्रत्येक डिव्हिजनला एक सांकेतिक अक्षर दिलेलं असे. इंफाळवर आलेल्या तीन डिव्हिजनांची अक्षरं होती 'मात्सुरी' म्हणजे उत्सव, 'रेत्सु' म्हणजे प्रखर, आणि 'यूमी' म्हणजे धनुष्य. एखाद्या चिठोऱ्यावर किंवा पट्टीवर यूमी आणि पुढे आकडा दिसला, तर ते माणसाचं नाव नाही, ३३ व्या डिव्हिजनचा पत्ता आहे. हे माहीत नसलं की 'कॅप्टन यूमीची तलवार' तयार होते.

दुसरी वाट शरणागतीची. संग्रहात आज दिसणाऱ्या बऱ्याच तलवारी याच वाटेने आल्या, विकणाऱ्याची गोष्ट काहीही असो. जपानची शरणागती स्वीकारणारे अमेरिकन सेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या मते तलवार खाली ठेवण्याचा सोहळा कालबाह्य होता आणि तो सक्तीचा करू नये असा त्यांचा आदेश होता. आग्नेय आशियात दोस्तांचे सरसेनापती माउंटबॅटन आणि त्यांचे भूदलाचे सेनापती स्लिम यांनी तो जुमानला नाही. आपण हरलो हे जपानी अधिकाऱ्यांना पटायचं असेल तर तलवार सगळ्यांदेखत हातातून गेली पाहिजे, असं स्लिम यांचं म्हणणं. तिथल्या जपानी फौजांचे सरसेनापती फील्ड मार्शल तेराउची यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये सायगावला माउंटबॅटनकडे तलवारी सोपवल्या. बर्मातले सेनापती किमुरा यांची तलवार स्लिम यांच्या घरच्या शेकोटीवरच्या फळीवर गेली. हे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवलं आहे. सिंगापूर, रंगून, पोर्ट ब्लेअर, सगळीकडे रांगा लागल्या. मग ढिगातून एकेक तलवार अधिकाऱ्यांना, पलटणींच्या मेसला आठवण म्हणून मिळाली. ती घेणाऱ्यांत भारतीय अधिकारीही होते.

शरणागतीच्या वाटेवर एक अनमोल वस्तू उरते: पाटी. तलवार सोपवताना पुष्कळ अधिकाऱ्यांनी तिला लाकडाची, कापडाची किंवा चामड्याची पट्टी बांधली आणि शाईने आपलं नाव, हुद्दा, कधी घरचा पत्ता लिहिला. पुढेमागे परत मिळेल ही आशा. तलवारीच्या मालकाचं नाव कळण्याची शक्यता असते ती याच पट्टीवर. आणि तीच आधी हरवते. घरच्यांना वाटतं कसली तरी मळकट चिंधी लोंबते आहे, दिवाळीच्या साफसफाईत जाते. तलवार राहते, शोभेची म्हणून. माझ्या मते पाटी असलेली 'प्रकार ९५' ची तलवार, पाटी नसलेल्या सुंदर जुन्या पात्यापेक्षा इतिहासाला अधिक उपयोगाची. बाजार हे मानत नाही, आणि बाजाराला कारणं आहेत. पण माझं मत बदललेलं नाही.

तिसरी वाट खुद्द जपानमधल्या जप्तीची. देश दोस्तांच्या ताब्यात गेल्यावर नागरिकांनाही शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. यात तीनचारशे वर्षांची घराणी पातीही ओढली गेली. तोक्यो भागातली जप्त शस्त्रं आकाबानेच्या अमेरिकन कोठारात जमली. जपानी जाणकारांनी धडपड करून त्यातली सुमारे साडेपाच हजार पाती कलावस्तू म्हणून वाचवली, ती तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. 'आकाबाने-तो' हे नाव त्यांना तिथूनच चिकटलं. बाकी कितीतरी वितळवली, समुद्रात टाकली, किंवा सैनिकांनी घरी नेली. जपान ताब्यात ठेवणाऱ्या दोस्तांच्या फौजेत भारतीय ब्रिगेडही होती, ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखाली, आणि तिच्यात पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. १९४६ ला जपानमध्ये पाऊल ठेवलेला सैनिक एखाद्या मराठी घरात पणजोबा म्हणून फोटोत असेल, तर त्याच्या ट्रंकेतली तलवार इंफाळची नसून याच काळातली असण्याची शक्यता विचारात घ्यायला हवी.

या तिसऱ्या वाटेवरचा सगळ्यात प्रसिद्ध तपास अजून संपलेला नाही. 'होंजो मासामुने' हे जपानवर एकेकाळी राज्य केलेल्या तोकुगावा घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आलेलं पातं, १९३९ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं. डिसेंबर १९४५ मध्ये तोकुगावा इएमासा यांनी कायदा पाळून घरच्या तलवारी तोक्योच्या मेजिरो पोलीस ठाण्यात नेऊन दिल्या. पुढच्या महिन्यात त्या अमेरिकन सातव्या कॅव्हलरीच्या एका सार्जंटाला दिल्याची नोंद झाली. नाव लिहिलंय 'कोल्डी बायमोर'. या नावाचा सैनिकच सापडत नाही. इंग्रजी नाव जपानी कानाने ऐकून जपानी लिपीत उतरवलं, मग ते पुन्हा इंग्रजीत आलं, आणि या फेऱ्यांत माणूस विरघळून गेला. नोंद आहे, तारीख आहे, ठाणं आहे. एका नावाचं स्पेलिंग चुकलं आणि जपानची बहुधा सर्वांत नावाजलेली तलवार ऐंशी वर्षं बेपत्ता आहे.

आता कागदांबद्दल. अमेरिकन सैनिकाला शत्रूची वस्तू घरी न्यायला वरिष्ठांच्या सहीचा दाखला लागे. तो तलवारीबरोबर असला तर सैनिकाचं नाव आणि तुकडी मिळते. ब्रिटिश-भारतीय पलटणींच्या युद्ध-रोजनिशा लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत अमुक दिवशी अमुक ठिकाणी कोणाशी गाठ पडली ते तारीखवार लिहिलेलं असतं. म्हणजे तलवारीपासून नव्हे, आजोबांपासून सुरुवात करायची. त्यांची पलटण, ती कुठे होती, समोर कोणती जपानी रेजिमेंट होती, ती कोणत्या प्रांताची. जपानी लष्कराचे बरेच जुने कागद 'आशियाई ऐतिहासिक नोंदी केंद्रा'ने २००१ पासून इंटरनेटवर खुले केले आहेत. सैनिकांच्या व्यक्तिगत नोंदी मात्र तिथल्या प्रांतिक कार्यालयांत असतात आणि त्या जवळच्या नातलगांनाच मिळतात. परक्या संग्राहकाने कितीही गोड पत्र लिहिलं तरी दार उघडत नाही. आधी कुटुंब सापडायला हवं, मगच सैनिकाची नोंद. तुम्हाला वाटलं होतं त्याच्या बरोबर उलट.

तलवारीभोवतीच्या गोष्टींवर थोडं कडक बोलायला हवं. विकणारा सांगतो, हिने कैद्यांची मुंडकी उडवली. असे प्रकार घडले, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियन सार्जंट लिओनार्ड सिफ्लीट यांचा न्यू गिनीतल्या ऐतापेच्या किनाऱ्यावर २४ ऑक्टोबर १९४३ रोजी तलवारीने शिरच्छेद झाला, त्याचा फोटो १९४४ मध्ये एका मृत जपानी सैनिकाजवळ मिळाला. पण तिथेही बराच काळ लोक समजत होते की फोटोतला कैदी दुसराच, फ्लाइट लेफ्टनंट न्यूटन आहे. प्रत्यक्ष फोटो हाती असताना इतकी चूक होते, तर फोटो नाही, पाटी नाही, दाखला नाही, अशा तलवारीबद्दलची कहाणी किती धरायची? पात्यावरची लांब खाच रक्त वाहून जायला असते, हीसुद्धा अशीच एक लोणकढी. खाचेने पातं हलकं होतं, एवढंच. आणि ज्यांचे हाल झाले त्यांच्या नावाने किंमत वाढवणं मला किळसवाणं वाटतं.

शिवाय बाजारात नकली माल भरपूर आहे, विशेषतः 'प्रकार ९५' चा. क्रमांकाचे आकडे वेडेवाकडे, ओतीव मुठीवर दोऱ्याची नक्षी पुसट, म्यानावरचा क्रमांक वेगळाच. नवा संग्राहक दोनदा फसतोच. तिसऱ्यांदा फसू नये म्हणून आधी खऱ्या चार तलवारी हातात घेऊन पाहाव्या. पात्याला उघड्या बोटांनी शिवू नये, घामाने दुसऱ्या दिवशी डाग उठतो. हलकं तेल पातळ लावावं, धार लावायला रस्त्यावरच्या सराणवाल्याकडे कधीही देऊ नये. आणि भारतात घरी असेल तर ९ इंचांहून लांब पात्याचं शस्त्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. आपल्या भागात परवाना लागतो का, हे पोलिसांकडे विचारून घ्यावं.

शेवटी, परत पाठवण्याविषयी. कधी कधी माग लागतो, घर सापडतं, आणि वाटतं की तलवार तिच्या घरी जावी. अमेरिकन उद्योजक वॉल्टर कॉम्प्टन यांनी युद्धानंतर जपानबाहेर गेलेलं, कुनिमुने या जुन्या लोहाराचं पातं विकत घेतलं होतं. ते राष्ट्रीय ठेवा असल्याचं कळल्यावर १९६०च्या दशकात त्यांनी ते कागोशिमाच्या तेरुकुनी देवळाला फुकट परत दिलं. ते जाऊ शकलं, कारण ती परंपरागत घडणीची कलावस्तू होती. जपानमध्ये तलवार बाळगायची तर तिची नोंदणी लागते, आणि नोंदणी होते ती फक्त जुन्या पद्धतीने हाताने घडवलेल्या पात्यांची. 'शोवा' चा शिक्का असलेली तलवार, सार्जंटाची क्रमांकवाली तलवार, यांची नोंदणी होत नाही. म्हणजे सार्जंटाच्या नातवाने हात पुढे केला तरी ती त्याच्या हाती पडत नाही. सरकार ताब्यात घेऊन नष्ट करतं. ज्या देशाच्या सैन्याने ती बनवली, त्याच देशात तिला घर नाही.

पाटीला मात्र असा कायदा लागत नाही. लाकडाचा तुकडा, शाईने लिहिलेलं नाव, गावाचा पत्ता. साध्या टपालाने जातो.